मागचा डावा चॅनल

माझे कान फार तयार आहेत, असं मी आयुष्यभर सांगत आलो. दुसरं कुणी तसं म्हणाल्याचं आठवत नाही. पण एखादी गोष्ट आपणच चाळीस वर्षं सांगत राहिलो की लोक विरोध करायचा कंटाळा करतात, आणि आपण तो होकार समजून बसतो.

या समजुतीला थोडाफार आधारही होता. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली असते. तिचं दार उघडून आत नुसतं उभं राहिलं की मला कळायचं, बेअरिंग गेलंय की ब्रेक घासतोय. बरोबरची माणसं पिशवीतून पाने-पकडी काढेपर्यंत मी निदान सांगून मोकळा व्हायचो. दहांतल्या सात वेळा ते खरं निघायचं. उरलेल्या तीन वेळांबद्दल मी घरी बोलत नसे. त्याच खोल्यांत बत्तीस वर्षं उभं राहून माझ्या कानांचं काय झालं, ते निवृत्तीच्या वर्षी कंपनीच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवलं. जाड आवाजांच्या बाजूला रेघ ठीक होती. बारीक, उंच आवाजांच्या बाजूला ती इतकी सरळ खाली गेली होती की लिफ्टसुद्धा अशी कोसळत नाही, तिला निदान ब्रेक असतात. तो कागद मी कपाटात स्वेटरांच्या खाली सरकवला आणि त्याच महिन्यात माझ्या डिस्क प्लेअरसाठी नवी, आणखी जाड वायर घेतली. तिच्यामुळे उंच आवाज खुलतात, असं पाकिटावर लिहिलं होतं. मला लगेच फरक जाणवला.

हा प्लेअर वीस वर्षांपूर्वीचा, उचलताना कंबर धरावी लागते इतका वजनदार. त्यावर खास प्रकारच्या डिस्क वाजतात. दिसायला त्या साध्या सीडीसारख्याच, पण आवाज कितीतरी पट बारकाईने भरलेला, आणि तो वाचायला असा खास प्लेअरच लागतो. अशा एकशेबारा डिस्क मी जमवल्या. घरी कुणीही येवो, अगदी मीटर वाचायला आलेला का असेना, मी त्याला दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवलेल्या खुर्चीत बसवायचो, डोळे मिटायला लावायचो आणि विचारायचो, "वादक समोर बसल्यासारखे वाटतात की नाही?" माणसं हो म्हणायची. त्यांना घरी जायचं असायचं.

शेवटचा मान बायकोच्या डिस्कचा.

बायको वाचनालयात नोकरीला होती आणि दर शनिवारी संध्याकाळी एका गायनमंडळात जायची. पंचवीसेक बायका, एक चिडके संचालक आणि शाळेचं रिकामं सभागृह. एकोणीस वर्षांपूर्वी एका लहानशा कंपनीने मंडळाची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि हौसेच्या भरात ती फक्त या खास प्रकारच्या डिस्कवर काढली. साध्या प्लेअरवर ती वाजेना, त्यामुळे ती कुणी घेतली नाही आणि कंपनीनेही लवकरच गाशा गुंडाळला. आमच्या घरी डिस्क आली त्या दिवशी मी ती मोठ्या थाटात लावली. चौथ्या गाण्यात बाकी सगळ्या बायका गप्प झाल्या आणि एकच आवाज वर वर चढत गेला, स्वच्छ, कुठेही न थरथरता. मी खुर्चीतून उठलो. "ही तू!" मी ओरडलो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बायको हातात टॉवेल घेऊन दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, लाजली.

त्यानंतर त्या एक मिनिट चाळीस सेकंदांनी आमच्या ओळखीतलं एकही घर सोडलं नाही. औषधांच्या दुकानातल्या बाई त्याच मंडळात गायच्या. त्यांना मी मुद्दाम दोनदा ऐकवलं आणि वर धीर दिला, "तुमचाही आवाज वाईट नाही. थोडा सराव वाढवा, जमेल." त्या "बघते हं" म्हणाल्या आणि चहा संपवून गेल्या.

अकरा वर्षांपूर्वी बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण ती काढताना आवाजाची नस दुखावली. बोलता येतं, पण घोगरं. जरा चढ्या आवाजात बोलायला गेलं की मध्येच तुटतं. गाणं संपलं. शनिवारी संध्याकाळी ती घरी राहू लागली. तिचं मन रमावं म्हणून मी तीच डिस्क लावायचो आणि ती उठून आतल्या खोलीत जायची. बिचारीला सहन होत नाही, असं मी पाहुण्यांना हलक्या आवाजात सांगायचो.

मुलगी लांब असते. तिची मुलगी, म्हणजे आमची नात, सहा वर्षांची. मागच्या वर्षी फोनवर ती आजीला म्हणाली, "आजी, तुझा आवाज दारासारखा करकरतो." मुलगी तिला दटावत म्हणाली, "आजी आधी खूप छान गायची, माहितीये?" नात म्हणाली, "खोटं." बायको हसली. फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली, नळ चालूच. मला ते बघवलं नाही. नातीला आजी ऐकवायचीच, असं मी ठरवलं. सोपं काम होतं. डिस्कवरचं गाणं काँप्युटरमध्ये घ्यायचं आणि पाठवून द्यायचं.

काँप्युटरने डिस्क आत घेतली, घरघर केली आणि बाहेर काढून दिली. आत काहीच नाही, असं त्याचं म्हणणं. काँप्युटरच्या ड्राइव्हला हा खास थर दिसतच नाही, हे मला तेव्हा कळलं. बरं, प्लेअरवर वाजवून समोर फोन धरावा, तर त्याच आठवड्यात माझा तो वजनदार प्लेअर अडखळायला लागला. आधी चौथ्या गाण्यात उड्या मारायचा, मग डिस्कच नाही म्हणायला लागला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून बघितलं आणि हात टेकले. डिस्क वाचणारा भाग गेला होता आणि तो आता कुणी बनवत नाही. बायकोचा आवाज जगात एकाच डिस्कवर, ती डिस्क माझ्या हातात, आणि तो आवाज बाहेर काढायला घरात काही नाही. माझी पाचावर धारण बसली.

इंटरनेटवर माझ्यासारख्याच निवृत्त आणि हट्टी लोकांची एक वस्ती आहे. तिथे मला उपाय सापडला आणि अपमानही. काही वर्षांपूर्वी सिनेमे बघायला घेतले जायचे ते स्वस्त, प्लास्टिकचे डिस्क प्लेअर असतात ना, त्यांतल्या मोजक्या मॉडेलांना या डिस्क वाचता येतात. पेन ड्राइव्हवर एक छोटा प्रोग्रॅम टाकून तो प्लेअरला लावायचा, प्लेअर वायरीने काँप्युटरला जोडायचा. जमलं तर प्लेअरचा ट्रे आपोआप बाहेर येतो. मग त्यात डिस्क ठेवायची आणि काँप्युटर तिच्यातलं सगळं ओढून घेतो. माझ्या भारदस्त प्लेअरला हे जमत नाही, हेही तिथे कुणीतरी हसण्याचं चित्र टाकून लिहिलं होतं.

जुन्या सामानाच्या दुकानात तसला एक प्लेअर मिळाला, बुटांच्या खोक्याहून हलका. दुकानदार म्हणाला, "काका, कशाला घेताय? सिनेमे आता फोनवर दिसतात." मी त्याला वीस मिनिटं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "रिमोट नाहीये याचा."

रिमोट हवाच होता. हा प्लेअर डिस्क पोटात गेली की स्वतःच वाजवायला लागतो आणि एकदा वाजवायला लागला की काँप्युटरला दाद देत नाही. ती सवय बंद करायचं बटण फक्त रिमोटवर. शेवटी शेजारच्या आजोबांच्या टीव्हीचा रिमोट चालला, कारण टीव्ही त्याच कंपनीचा होता. आजोबा तासातासाला बातम्या बघतात. दोन बातम्यांच्या मध्ये मी रिमोट घेऊन यायचो आणि सेटिंगच्या निम्म्या वाटेवर असताना भिंतीवर थाप पडायची.

तेही झालं. पण ट्रे बाहेर येईना. नऊ दिवस मी पेन ड्राइव्ह लावत होतो, काढत होतो, फुंकत होतो. बायको रोज विचारायची, "राहू द्या ना. कशाला एवढा खटाटोप?" मी म्हणायचो, "तुझ्यासाठी." ती काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. मला ते कौतुक वाटायचं. दहाव्या दिवशी मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, स्क्रीनचा फोटो पाठवा." पाठवला. "अहो बाबा, फोल्डरच्या आत पुन्हा तोच फोल्डर आहे. आतला बाहेर काढून ठेवा." मी म्हणालो, "तेच करणार होतो."

पेन ड्राइव्ह लावला. तीन सेकंद काही झालं नाही, आणि मग कुणी हात न लावता ट्रे बाहेर आला. मी असा काही ओरडलो की बायको मी स्टुलावरून पडलो समजून धावत आली.

डिस्क ठेवली. प्रोग्रॅमने विचारलं, दोन चॅनल की पाच? या डिस्कवर गाणी दोनदा असतात. एकदा दोन स्पीकरसाठी, आणि एकदा खोलीभर पाच स्पीकर मांडून बसणाऱ्यांसाठी. त्या पाचवाल्यांना मी जन्मभर हसत आलो, गाणं समोरून ऐकायचं असतं असं ऐकवत आलो. पण पाच म्हणजे दोनापेक्षा जास्त, एवढाच विचार करून मी पाचवर खूण केली. पाऊण तासाने प्रत्येक गाण्याच्या पाच वेगवेगळ्या फायली तयार. समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला, मागचा डावा, मागचा उजवा. मला हवी होती एक. आता ही भाजी कशी निवडायची म्हणून मी चौथ्या गाण्यातली मधली फाइल उघडली, आणि नशीब बघा, एकटा तो आवाज, एवढा जवळून की श्वाससुद्धा ऐकू आला. मी तेवढा तुकडा कापला, त्याला 'आजी' असं नाव दिलं, नातीसाठी मुलीला पाठवायच्या निरोपाला जोडला आणि बायकोला हाक मारली.

"ये. बटण तू दाब."

ती आली. स्क्रीनवरचं नाव तिने वाचलं. हात पुढे केला नाही.

"पाठवू नका," ती म्हणाली.

"का?"

"ती मी नाही."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. हल्ली तसं होतं. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, तिच्या त्या घोगऱ्या आवाजात. "ती मी नाही हो. कधीच नव्हते. माझा आवाज खालच्या पट्टीचा. एवढ्या वर मी जन्मात गायले नाही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुम्ही रडत होता. डोळे पुसून झाले तर तुम्ही माझ्या भावाला फोन लावलात. मग समोरच्यांना बोलावलंत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा माणसं ऐकून गेली. कुठे सांगायचं मधे?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं!"

"दुसऱ्या दिवशी तुम्ही वाचनालयात येऊन माझ्या साहेबांना सांगितलंत."

"मग ही कोण?"

"औषधांच्या दुकानातल्या बाई."

मी खाली बसलो. थोडा सराव वाढवा, जमेल. त्यांच्याच आवाजाला, त्यांच्याच समोर. "त्या काही बोलल्या कशा नाहीत?"

"मीच नको म्हटलं. त्या म्हणाल्या, राहू दे, इतक्या प्रेमाने माझं गाणं आमच्या घरात कुणी ऐकत नाही. तुझ्या नावावर का होईना, ऐकू दे त्यांना."

"आणि आपली पोरगी?"

"तिला शंका आली होती एकदा. म्हणाली, बाबा, आई एवढ्या वर गात नाही. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय."

मला राग आला. मला लाज वाटायला लागली की आधी राग येतो, हा माझा जुना आजार. एकोणीस वर्षं माझं हसं केलंत, सगळ्यांनी मिळून केलंत, असं बरंच मी बोललो. लिफ्टच्या खोलीत बोलायची सवय असल्याने आवाजही मोठा लागला. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

"लोकांना काय सांगायचं ते सांगा," मग ती म्हणाली. "त्याचं मला कधी काही वाटलं नाही. गंमत वाटायची. पण नातीला हे नको. ती मला खोटं म्हणाली, आणि मी तिला खरंच खोटं पाठवू?"

मी माउसवरून हात काढून घेतला. ती जायला वळली आणि दारात थांबली.

"एकदाच वाईट वाटलं होतं. ऑपरेशन झालं, आवाज परत यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा. तुम्ही माझा हात धरलात आणि म्हणालात, काळजी करू नकोस, आपल्याकडे डिस्क आहे. तेव्हा मला वाटलं, माझं काय गेलंय ते ह्यांना कळलेलंच नाही."

ते वाक्य मला आठवत होतं. मी ते पुढे कित्येकांना सांगितलंही होतं, नवऱ्याने कसं समजुतीने वागावं याचा नमुना म्हणून. आता ते माझ्या छातीवर येऊन बसलं. मी एवढा मोठा जाणकार, आणि ही बाई तीस वर्षं माझ्या घरात कपड्यांना इस्त्री करताना, पुस्तकांना कव्हरं घालताना गुणगुणायची, तेव्हा मी तिला म्हणायचो, जरा थांब गं, मला डिस्क ऐकू दे. तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता, मग ओळखणार कुठून?

"तू कुठे होतीस मग?" मी विचारलं. "त्या गाण्यात. कुठे उभी होतीस?"

"मागे. माइक मधे ठेवून सगळ्यांना भोवती गोल उभं केलं होतं. आम्ही सहा जणी खालच्या पट्टीच्या. आम्हाला मागे टाकलं, डाव्या हाताला. आमचं कुणाला ऐकू येत नाही, असं संचालक नेहमी चिडवायचे."

मी स्क्रीनकडे बघितलं. मधली फाइल उघडी होती. तिच्या खाली, मी कचरा म्हणून काढून टाकायच्या बेतात असलेली, ती होती. मागचा डावा.

"थांब," मी म्हणालो. "जाऊ नकोस."

स्पीकर लावायला धीर नव्हता. हेडफोन होते. त्यांची एक बाजू मी उलटी फिरवली, ती तिने कानाला लावली, दुसरी मी, आणि दोघं डोक्याला डोकं लावून स्टुलांवर बसलो. मी फाइल सुरू केली.

आधी काहीच नाही, सभागृहाची शांतता. मग लांबून ते उंच गाणं, दुसऱ्या घरातून येतंय असं. आणि मग अगदी जवळ, खालून, सहा बायका. त्यांना शब्द नव्हते, नुसता सूर धरलेला, त्या उंच आवाजाला उभं राहायला जागा करून देणारा. एकोणीस वर्षांत हे मी ऐकलंच नव्हतं. माझ्या दोन स्पीकरवर ते त्या एका आवाजाच्या मागे बुडून जायचं. आणि मौज अशी, की डॉक्टरांच्या आलेखातली माझी जी बाजू अजून शाबूत होती, ती नेमकी हीच.

"ही आमची रांग," बायको कुजबुजली. तिने माझा दंड धरला. "ही पहिली जरा मागे पडायची. ही दुसरी. आणि ही मी. ऐकलं? ही."

मी ऐकलं. सहा आवाज एकमेकांत मिसळले होते. मी डोळे मिटले, भुवया आवळल्या, जे जे पाहुण्यांना करायला लावायचो ते सगळं केलं. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी मान डोलावली असती.

"मला ओळखू येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारत होतो आणि ते सोपं गेलं नाही. "खरंच नाही येत. सगळ्या सारख्याच वाटतात."

ती रागावली नाही. "मागे घ्या," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."

मी मागे घेतलं. सभागृहाची शांतता झाली, लांबचं गाणं सुरू झालं, सहा जणींनी सूर धरला आणि माझ्या शेजारी बायकोने तोंड उघडलं. अकरा वर्षांत ती गायली नव्हती. आवाज फाटका, निम्मा वाराच, पण सूर तोच, बरोबर त्याच जागेवर. एका कानात मला त्या सहा जणी ऐकू येत होत्या आणि दुसऱ्या कानात ही. मी हलायला घाबरत होतो. ती एकेक सूर माझ्यासाठी बोट ठेवून दाखवावा तसा गात होती, डोळे स्क्रीनवर, मानेची शीर ताणलेली. शेवटच्या लांब सुरापाशी ती आली, तो तिने धरला, आणि मध्येच तिचा आवाज तुटला. नुसती हवा उरली.

हेडफोनमध्ये तोच सूर पुढे चालू राहिला. सहांतला एकच, तिने सोडला तिथून तसाच, भरलेला, न डगमगता शेवटपर्यंत गेला. बाकीच्या पाच जणी मला ऐकू येईनाशा झाल्या.

फाइल संपली. बायको धापा टाकत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "सापडले?"

"सापडलीस," मी म्हणालो.

"मग ही पाठवा."